पाच प्रकारची अंडी आणि एकच प्रश्न : जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

पुण्यातील एखाद्या मोठ्या किराणा दुकानात आज अंडी मागितली, तर दुकानदार उलट विचारतो, ‘कोणती?’ सुटी पांढरी, खोक्यातील तपकिरी, ओमेगा-३ असलेली, गावरान आणि अलीकडे कडकनाथची, असे पाच प्रकार एकाच फळीवर मांडलेले असतात आणि एका अंड्याचा भाव सात-आठ रुपयांपासून तीस-पस्तीस रुपयांपर्यंत कुठेही असू शकतो. चव ही ज्याच्या-त्याच्या जिभेची बाब आहे, पण या चौपट-पाचपट किमतीचे समर्थन बहुतेक वेळा चवीने नव्हे, तर पोषणाने केले जाते. म्हणून गेल्या काही महिन्यांत घराजवळचे किराणा दुकान, एक मोठे मॉल-दुकान आणि आठवडी बाजार अशा तीन ठिकाणांहून हे पाचही प्रकार आणून, खोक्यांवरील मजकूर नीट वाचून आणि कुक्कुटशास्त्रात याविषयी जे प्रस्थापित आहे त्याच्याशी तो ताडून हे परीक्षण लिहिले आहे. खोक्यांवरील कंपन्यांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत, कारण हा मजकूर थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच असतो.

सुरुवात साध्या पांढऱ्या अंड्यापासून करणे न्याय्य ठरेल, कारण इतर सर्वांचे दावे त्याच्याशी तुलना करूनच केलेले असतात. कवच काढल्यावर साधारण ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यातून सुमारे ७० कॅलरी, सहा ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने, पाच ग्रॅमांच्या आसपास स्निग्धांश, १८० ते १९० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल आणि दीडशे मिलिग्रॅमांच्या जवळपास कोलीन हे पोषकद्रव्य मिळते. यांतील प्रथिने, एकूण स्निग्धांश आणि कोलेस्टेरॉल यांचे प्रमाण कोंबडी कोणतीही असो, पिंजऱ्यातील असो वा अंगणातील, फारसे बदलत नाही. लोह आणि कॅल्शियम यांचेही तेच आहे. अंडे ही मुळात पिल्लाची शिदोरी आहे. त्यामुळे खाद्यात प्रथिने किंवा चुना कमी पडला, तर कोंबडी निकस अंडे देत बसत नाही. ती आधी आपल्या शरीरातून भर घालते, मग लहान किंवा पातळ कवचाचे अंडे देते आणि शेवटी अंडी देणेच थांबवते. ‘दुप्पट प्रथिने असलेले अंडे’ किंवा ‘कोलेस्टेरॉलरहित अंडे’ असे कोणी सांगू लागले, तर तिथेच संभाषण थांबवायला हरकत नाही.

जे बदलते ते वेगळे आहे आणि ते बहुतांशी पिवळ्या बलकात असते. स्निग्धांश किती हे ठरलेले असले, तरी तो कोणत्या जातीचा हे खाद्य ठरवते. अ, ड आणि ई ही मेदात विरघळणारी जीवनसत्त्वे, ब-१२, फोलेट, आयोडीन, सेलेनियम आणि बलकाला रंग देणारी कॅरोटीनवर्गीय द्रव्ये, यांचे प्रमाण कोंबडीच्या चोचीत काय गेले यावर अवलंबून असते. ब-२ हे जीवनसत्त्व तर पांढऱ्यातही उतरते आणि ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात दिसणारी किंचित हिरवट झाक त्याचीच असते. बलक बीजकोशात आठ-दहा दिवसांत झपाट्याने भरत जातो, त्यामुळे आजचे अंडे हे कोंबडीच्या मागच्या आठवड्या-दीड आठवड्याच्या आहाराचा हिशेब असते. खाद्य बदलल्यावर अंड्याचा गुण पूर्णपणे बदलायला दोन-तीन आठवडे लागतात आणि खाद्यातील काटकसरही तितक्याच वेळाने बलकात दिसू लागते.

दुकानातील सुटे पांढरे अंडे हे बहुतेक वेळा व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या, बीव्ही-३०० सारख्या संकरित कोंबडीचे असते. ही कोंबडी वर्षाला तीनशेहून अधिक अंडी देते आणि रोज साधारण १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते. त्या खाद्यात मका आणि सोयाबीनची पेंड यांचा मोठा वाटा असतो. त्याखेरीज तेल काढलेला तांदळाचा कोंडा, शिंपला किंवा चुनखडी आणि जीवनसत्त्वे-खनिजांचे तयार मिश्रण असते. ‘पिंजऱ्यातील कोंबडीला काही मिळत नाही’ हा समज पोषणापुरता तरी चुकीचा आहे, कारण अ, ड, ई आणि ब-१२ यांची नेमकी मात्रा तिला रोज या मिश्रणातून मिळते आणि ती अंड्यात उतरते. तिच्या जगण्याच्या प्रतीविषयी आक्षेप जरूर घ्यावेत, मी स्वतः घेतो, पण तो नीतीचा प्रश्न आहे. तो पोषणाच्या नावाखाली खपवला की दोन्ही बाजूंचा घोटाळा होतो.

या अंड्याविषयी माझी खरी तक्रार त्याच्या प्रवासाविषयी आहे. महाराष्ट्रात जेवढी अंडी खपतात तेवढी इथे तयार होत नाहीत, आणि तूट कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडूतून येणाऱ्या मालाने भरून निघते. ३० अंड्यांचा एक ट्रे आणि सात ट्रेंची, म्हणजे २१० अंड्यांची एक पेटी, अशी ही वाहतूक साध्या ट्रक-टेम्पोतून होते. शेडवरून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून सायकल-टेम्पोवाल्याकडे आणि तिथून दुकानाबाहेरच्या पायरीवर पोहोचेपर्यंत अंड्यावर कुठलीही तारीख पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्या पायरीवरच्या ट्रेमधील अंडे फोडल्यावर पांढरे पाण्यासारखे पसरले आणि बलक ताटलीत चपटा बसला, तर त्यात आश्चर्य नाही. पोषण मात्र त्या मानाने टिकून असते आणि किंमत लक्षात घेता एवढी चांगली प्रथिने देणारा दुसरा पदार्थ बाजारात शोधावा लागेल. पाचांपैकी हा प्रकार मी सर्वांत वर ठेवतो, अर्थात दुकानदाराकडे मालाची उलाढाल जलद असेल तरच.

खोक्यातील तपकिरी अंड्यांविषयी थोडक्यात आटोपता येते. कवचाचा रंग ही कोंबडीच्या वंशाची बाब आहे. ऱ्होड आयलंड रेड किंवा तिच्यापासून तयार झालेल्या जाती प्रोटोपॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य कवचावर चढवतात, लेगहॉर्न चढवत नाहीत, एवढाच काय तो फरक. हे रंगद्रव्य अंडे तयार होण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात, मुख्यतः बाहेरच्या थरांत बसते. म्हणून तपकिरी अंडे फोडून कवच आतून पाहिले, तर ते बरेच फिके दिसते आणि व्हिनेगरमध्ये बुडवून चोळले, तर बाहेरचा रंग निघूनही येतो. चहाच्या पाण्यात रंगवलेली अंडी ओळखण्यासाठी हीच चाचणी समाजमाध्यमांवर फिरते, पण तिच्यात अस्सल तपकिरी अंडेही नापास होईल. आत मका-सोयाचेच अंडे असते. मी आणलेल्या खोक्यावर ‘हॉर्मोनमुक्त’ आणि ‘हर्बल खाद्य’ अशी दोन ठसठशीत वाक्ये होती. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना हॉर्मोन देण्याची पद्धतच नसल्यामुळे पहिले वाक्य खरे असूनही निरर्थक आहे, आणि दुसऱ्याला काही ठरावीक अर्थच नाही. ‘प्रतिजैविकमुक्त’ या शब्दाला मात्र किंमत आहे, पण ती सुरक्षिततेची, पोषणाची नव्हे, आणि तीही कंपनी बॅचनिहाय तपासणी अहवाल दाखवत असेल तरच. खोक्यामुळे अंडी फुटत नाहीत आणि त्यावर तारीख असते, हे दोन खरे फायदे धरले, तरी दीडपट-दुप्पट किंमत मला पटली नाही.

आता रंगाकडे वळू, म्हणजे कवचाच्या नव्हे, बलकाच्या. गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसते ते इथेच आणि विषयही इथेच खरा रंजक होतो. पाचही प्रकारचे एकेक अंडे पांढऱ्या ताटलीत शेजारी-शेजारी फोडून ठेवले, तेव्हा तपकिरी खोक्यातील बलक केशरीकडे झुकणारा निघाला, ओमेगा-३ वाला त्याहूनही गडद, सुटा पांढरा लिंबाहून थोडा गडद पिवळा, कडकनाथचा मध्यम पिवळा आणि बाजारातून आणलेल्या गावरान अंड्याचा चक्क फिका. घरातील सर्वांनी एकमुखाने सर्वांत गडद बलकाला ‘खरे गावरान’ ठरवले. बलकाचा रंग ल्युटीन, झियाझॅन्थिन आणि त्यांच्या जातीच्या इतर द्रव्यांमुळे येतो आणि कोंबडी ती स्वतः तयार करू शकत नाही. पिवळा मका, लसूणघास, हिरवा पाला यांतून ती आली तर बलक पिवळा होतो. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी किंवा पांढरा मका यांवर पोसलेल्या कोंबडीचा बलक फिकट राहतो. रंग गडद करायचा असेल, तर खाद्यात झेंडूच्या फुलांचा अर्क, लाल मिरचीचा अर्क किंवा कॅन्थाझॅन्थिनसारखे कृत्रिम रंगद्रव्य मिसळतात. उद्योगात यासाठी रंगांच्या पट्ट्यांचा चक्क एक पंखा वापरला जातो. फिक्या पिवळ्यापासून गडद केशरीपर्यंत क्रमांक टाकलेल्या त्या पंख्यावर बोट ठेवून ‘अमुक क्रमांकाचा बलक हवा’ असे ठरवता येते आणि खाद्य त्याप्रमाणे जुळवता येते.

म्हणून रंगवलेला बलक ही निव्वळ लबाडी म्हणावी का? माझे मत तितके टोकाचे नाही. झेंडूचा अर्क असेल, तर त्यातून येणारे ल्युटीन डोळ्यांच्या पडद्याला उपयुक्त मानले जाते आणि ते बलकातील स्निग्धांशात विरघळलेले असल्यामुळे पालकातील ल्युटीनपेक्षा आपल्या शरीरात चांगले शोषले जाते. तेव्हा ती भर खोटी नाही. कॅन्थाझॅन्थिनचा मात्र रंगापलीकडे खाणाऱ्याला काही लाभ नाही, आणि खोक्यावर यांपैकी काय वापरले आहे हे लिहिलेले मी पाहिलेले नाही. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. अंड्यातील अ जीवनसत्त्व मुख्यतः रेटिनॉलच्या रूपात असते आणि त्याचा बलकाच्या रंगाशी संबंध नाही. ते मिश्रणातून नीट मिळालेल्या कोंबडीचा बलक फिकट असूनही अ जीवनसत्त्वाने भरलेला असू शकतो, आणि झेंडूने केशरी झालेल्या बलकात ते बेताचेच असू शकते. रंग पाहून ‘जीवनसत्त्वे जास्त’ असे म्हणणे ही ताटलीवरून काढलेली अटकळ आहे, त्याहून अधिक काही नाही.

ओमेगा-३ अंड्यांचे खोके मी सर्वांत अधिक वेळ हातात धरून वाचले, कारण पाचांपैकी हाच एक प्रकार असा आहे की ज्यात खाद्य मुद्दाम बदलून अंड्याचे पोषण खरोखर बदललेले असते. प्रश्न इतकाच आहे की ते कशाने बदलले आहे. खाद्यात जवस घातले, तर अंड्यात प्रामुख्याने एएलए हे वनस्पतिजन्य ओमेगा-३ मेदाम्ल उतरते. त्यातील काही भागाचे डीएचए या मासळीत आढळणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लात रूपांतर कोंबडीचे यकृत स्वतः करते आणि हे काम ते माणसाच्या शरीरापेक्षा चांगले करते, पण जवस कितीही वाढवले, तरी डीएचए एका मर्यादेपुढे वाढत नाही. मासळीचे तेल किंवा सागरी शेवाळ खाद्यात घातले, तर डीएचए थेट अंड्यात येते. मेंदू आणि डोळे यांच्या संदर्भात ज्याचे महत्त्व सांगितले जाते ते मुख्यतः डीएचए असल्यामुळे ‘ओमेगा-३ : इतके मिलिग्रॅम’ एवढा एकच मोठा आकडा पाहून चालत नाही. त्यात एएलए किती आणि डीएचए किती हे वेगळे लिहिले आहे का, ते पाहावे लागते. मी घेतलेल्या दोन खोक्यांपैकी एकावर डीएचएचा आकडा प्रत्येक अंड्यामागे वेगळा दिला होता. दुसऱ्यावर नुसते ‘ओमेगा-३ ने समृद्ध’ आणि माशाच्या आकाराचे एक चित्र होते, आणि त्याच खोक्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत खाद्य ‘शंभर टक्के शाकाहारी’ असल्याचे लिहिले होते. म्हणजे ते बहुधा जवसाचे अंडे. त्यावर माशाचे चित्र कशासाठी, हे चित्र काढणाऱ्यालाच ठाऊक.

जवसाच्या अंड्याला मी नाके मुरडतो ती एका साध्या हिशेबाने. दहा ग्रॅम जवसात दोन ग्रॅमांहून अधिक एएलए असते. या जातीची अंडी एकंदर ओमेगा-३ देतात ते काही शे मिलिग्रॅमच्या घरात. विदर्भ-मराठवाड्यात ताटात डाव्या बाजूला जवसाची चटणी वाढण्याची रीत आहे आणि ती चमचाभर चटणी अशा अनेक अंड्यांचे काम करते, तेही जवळपास फुकटात. ज्या घरात आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली शिजते, त्या घराला डीएचएवाल्या अंड्याचीही गरज नाही. पण जे मासे खात नाहीत, अंडी मात्र खातात, आणि पुण्या-मुंबईत असे लोक मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यासाठी, विशेषतः गर्भवती आणि स्तनदा स्त्रियांसाठी, डीएचएचा आकडा छापलेले अंडे ही खरोखर विचार करण्याजोगी खरेदी आहे. या पाच प्रकारांत जास्तीच्या पैशांच्या बदल्यात काही निश्चित देणारा हा एकच प्रकार मला आढळला. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जवस किंवा मासळीचे तेल जास्त झाले, तर अंड्याला हलकासा माशासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास येतो, आणि ही नाजूक मेदाम्ले खवट होऊ नयेत म्हणून चांगले उत्पादक खाद्यात ई जीवनसत्त्वही वाढवतात. उकडलेल्या बलकाला असा वास येत असेल, तर मसाला घालून तो झाकण्यापेक्षा खोके परत करावे.

गावरान अंड्याविषयी लिहिताना हात जरा सांभाळून चालवावा लागतो, कारण मराठी माणसाच्या मनात त्याचे स्थान पोषणाच्या बरेच वर आहे. प्रथम हे मान्य करू की मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीच्या अंड्याची बाजू शास्त्रानेही उचलून धरली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिरव्या कुरणावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत पिंजऱ्यातील कोंबड्यांच्या अंड्यांच्या तुलनेत ई जीवनसत्त्व दुप्पट आणि एकूण ओमेगा-३ अडीच पट आढळले. अ जीवनसत्त्वाचे प्रमाणही ३८ टक्के अधिक होते, मात्र प्रत्येक अंड्यामागे मोजल्यास त्याच्यात फरक राहिला नाही. जर्मनीतील हाले येथील संशोधकांनी उन्हात फिरणाऱ्या कोंबड्यांच्या बलकात ड जीवनसत्त्व तीन-चार पट असल्याचे २०१४ मध्ये दाखवले. कोंबडीच्या पिसे नसलेल्या पायांच्या कातडीवर ऊन पडले की तिथे ड जीवनसत्त्व तयार होते आणि ते बलकात जाते. म्हणजे ‘ऊन खाल्लेली कोंबडी’ या म्हणण्यात तथ्य आहे. फक्त त्याचे माप लक्षात ठेवावे. साध्या अंड्यात ड जीवनसत्त्व ४० युनिटच्या आसपास असते. ते तिप्पट झाले, तरी १२०, आणि आपल्याकडे प्रौढांसाठी शिफारस आहे ती रोज ६०० युनिटची. तेव्हा अंड्यापेक्षा आपणच थोडे उन्हात बसावे.

पण या अभ्यासांतील कोंबड्या लुसलुशीत गवतावर चरत होत्या आणि त्यांना जोडीला संतुलित खाद्यही मिळत होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आठवडी बाजारात राजगडच्या बाजूने येणाऱ्या ज्या मावशींकडून मी अंडी घेतो, त्यांना कोंबड्यांना काय घालता म्हणून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘घालायचं काय त्यात? दिसभर टिपत फिरत्यात. सांजच्याला कणी टाकायची मूठभर, तेवढ्यासाठी तरी घराकडं येत्यात.’’ हे उत्तर प्रामाणिक होते आणि फिक्या बलकाचे कोडेही त्यातच सुटले. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत, जेव्हा बांधावर हिरवा पाला, किडे, गांडुळे भरपूर असतात, तेव्हा हीच कोंबडी गडद, भरल्या बलकाचे अंडे देते. वैशाखात रान वाळले की तिच्या वाट्याला कणी आणि उकिरडा एवढेच उरते आणि अंडे त्याप्रमाणे बदलते. शेडमधील अंडे बारा महिने एकसारखे असते, गावरान अंडे हंगामी असते, आणि उन्हाळ्यातही श्रावणाचाच भाव देऊन ते घेण्यात पोषणाच्या दृष्टीने काही मतलब नाही.

मावशींच्या टोपलीतील अंडी ४० ग्रॅमच्या आसपासची, एकाला एक न जुळणारी, काही मातकट, काही गुलाबीसर पांढरी होती. लहान अंड्यात पांढऱ्याच्या मानाने बलक मोठा असतो, त्यामुळे चव दाट लागते, आणि माझ्या मते गावरान अंड्याच्या लौकिकाचे अर्धे कारण हेच आहे. ग्रॅममागे पोषण थोडे अधिक भरते, पण अंडेच लहान असल्यामुळे नगामागे हिशेब पुन्हा जवळपास तिथेच येतो. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास अंडी देते आणि मध्येच खुडूक होऊन, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला, बसते, म्हणून टोपली भरायला आठवडा लागतो आणि तळाचे अंडे वरच्याहून बरेच जुने असते. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहिल्यास बोथट टोकाकडील हवेची पोकळी किती वाढली आहे ते दिसते, आणि खुडूक कोंबडीखाली चार-पाच दिवस राहिलेले फलित अंडे असेल, तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा स्पष्ट दिसतात. फलित अंडे अधिक पौष्टिक असते या समजुतीला मात्र आधार नाही.

उकिरड्याचा उल्लेख वर आला आहे, तो सहज आलेला नाही. कोंबडी मातीतून जे टिपते, ते चांगले असो की वाईट, अंड्यात येते. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात घरोघरी पाळलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत शिशाचे प्रमाण दुकानातील अंड्यांच्या तुलनेत सरासरी चाळीस पटींहून अधिक आढळल्याचे तेथील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केले, आणि कारण होते जुन्या वस्तीतील दूषित माती. शहराच्या कडेला, भंगाराच्या किंवा कचरा जाळण्याच्या जागेजवळ फिरणाऱ्या कोंबडीचे अंडे ‘नैसर्गिक’ म्हणून दुप्पट भावाने घेण्याआधी ही गोष्ट आठवावी. डोंगरातल्या वाडीवरची कोंबडी वेगळी आणि कारखान्यामागच्या वस्तीतली वेगळी, पण बाजारात दोघींचे अंडे ‘गावरान’ म्हणूनच विकले जाते. शिवाय दुकानातील ‘गावरान’ खोक्यांत अनेकदा ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित जातींची, शेडमध्ये तुसावर वाढवलेल्या आणि तयार खाद्यावर पोसलेल्या कोंबड्यांची अंडी असतात. ती वाईट नाहीत, फक्त ती त्या खोक्यावर काढलेल्या चित्रातली नाहीत. विकणाऱ्याला कोंबडी ठाऊक असेल, तर गावरान अंडे घ्यावे, आणि ते हंगामात घ्यावे, असे माझे मत आहे.

कडकनाथला एक परिच्छेद पुरे. मध्य प्रदेशातील झाबुआची ही जात २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आणि जतन करण्याजोगी आहे, यात शंका नाही. तिचे मांस, कातडी, हाडेही काळसर असतात. अंडे मात्र काळे नसते, फिकट मातकट रंगाचे असते आणि आतला बलक इतर कुठल्याही बलकासारखाच पिवळा असतो. तीस-पस्तीस रुपयांच्या अंड्यात असे काही असावे की जे सात रुपयांच्या अंड्यात नाही, असे मानायला मला कोणतेही कारण सापडले नाही. कोंबडी कमी अंडी देते म्हणून अंडे महाग आहे. कोणते खाद्य दिले हे खोक्यावर नव्हते, आणि खाद्य माहीत नसेल तर जात माहीत असून उपयोग नाही.

साठवणीविषयी लिहिण्याचे कारण असे की पाचही प्रकारांत मला सर्वांत मोठा फरक कोंबडीचा नव्हे, तर फ्रिजचा दिसला. अंडे बाहेर राहिले की कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कर्बवायू आणि पाण्याची वाफ बाहेर जाते, पांढऱ्याची अल्कता वाढते आणि त्याचा घट्ट भाग पातळ होत जातो. त्या घट्ट भागाची उंची मोजून अंड्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत अमेरिकेतील रेमंड हॉ यांनी १९३७ मध्ये मांडली आणि ती आजही हॉ युनिट या नावाने वापरली जाते. जुन्या अंड्यातील प्रथिने नाहीशी होत नाहीत, पण नाजूक मेदाम्ले आणि ई जीवनसत्त्व यांना उष्णतेची बाधा होते, म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी दुप्पट पैसे मोजले, नेमके तेच दुकानदाराच्या उन्हातल्या काचेमागे पणाला लागते. मॉल-दुकानात महाग खोकी थंड कपाटात होती. किराणा दुकानात तीच खोकी काउंटरवर, दुपारच्या उन्हात ठेवलेली होती आणि किंमत दोन्हीकडे तीच. ओमेगा-३ अंडी थंड कपाटातूनच घ्यावीत. सुटी अंडी दुकानात माल कोणत्या वारी येतो हे विचारून त्याच दिवशी घ्यावीत. घरी आणल्यावर ती न धुता, टोकदार बाजू खाली करून, फ्रिजच्या दारात नव्हे तर आतल्या कप्प्यात ठेवावीत आणि धुवायची असल्यास फोडण्यापूर्वीच धुवावीत. उकडण्यासाठी मात्र आठवडाभर जुने अंडे बरे, कारण ताज्या अंड्याचे कवच सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात.

स्वयंपाकघरातील एकाच सवयीबद्दल सांगणे भाग आहे, कारण ती वरच्या सगळ्या खर्चावर पाणी फिरवते. व्यायामशाळेत जाणारी मुले महागातले अंडे आणून ते कच्चेच दुधात घालून पितात. बेल्जियममधील ल्यूवेन येथे १९९८ मध्ये झालेल्या एका छोट्या पण काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिने पचली, तर कच्च्या अंड्यातील केवळ ५१ टक्के. शिवाय कच्च्या पांढऱ्यातील अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवते आणि साल्मोनेला या जिवाणूचा धोका राहतो तो वेगळाच. उकडून किंवा मंद आचेवर झाकण ठेवून केलेले साधे पांढरे अंडे त्या कच्च्या कडकनाथपेक्षा शरीराला कितीतरी अधिक देते, आणि माझ्या घरी सध्या ट्रे येतो तो त्याचाच. श्रावण उलटल्यापासून दिवाळीपर्यंत मात्र मावशींच्या टोपलीतील डझनभर अंडी त्याच्या जोडीला असतात.